पायाखाली काय लागतंय?

“आई, पाणी चपलेला लागलं.”

धुक्यातून आईचा आवाज आला, “नाय लागणार. अजून तास हाय.”

“लागलं गं. अंगठा भिजला माझा.”

“दंव असेल. गप उभी राहा.”

मी गप उभी राहिले. बारा वर्षांची होते, आणि आमच्या घरात आईच्या शब्दापुढे शब्द काढायची सोय नव्हती. पण दंव खालून वर चढत नाही, एवढी अक्कल मला होती. आधी अंगठा भिजला, मग चपलेचा पट्टा, मग घोटा. समोर पांढरंफटक धुकं. आई माझ्यापासून चाळीस-पन्नास पावलांवर होती, पण दिसत नव्हती. वाळूत कोयती खुपसल्याचा खर्र खर्र आवाज तेवढा येत होता.

आम्ही कुबडावर होतो. कुबड म्हणजे खाडीच्या मधोमध ओहोटीला उघडा पडणारा वाळूचा उंचवटा. दिवसातून दोनदा वर यायचा नि दोनदा बुडायचा. वर आला की वाडीतल्या बायका तिथे वाळूतल्या शिंपल्या, तिसऱ्या, काढायला जायच्या आणि बुडायच्या आत परत यायच्या. एवढाच मामला. पण तेवढ्यातच आमच्या वाडीतल्या तीन बायका जिवानिशी गेल्या होत्या. त्यातली एक माझी मावशी, अबोली. चौदा वर्षांची. आईच्या डोळ्यांदेखत गेली.

कुबडावर जायची वाट सरळ नव्हती. सरळ गेलं तर चिखल गिळायचा. ती वाट डोळ्यांनी दिसायची नाही, पायांनाच कळायची, आणि ती आई लेकीला शिकवायची. माझ्या आजीने आईला आणि मावशीला सात वर्षांच्या असताना शिकवली. आईने मात्र मला शिकवायची नाही असं ठरवून टाकलं होतं. “जिला वाट ठाऊक, तीच जाते मरायला,” ती म्हणायची. “माझ्या पोरीला वाटच नको.” मी बांधावर जरी गेले तरी पायांत चपला हव्यात, मागे पट्टा असलेल्या, घट्ट. बायका हसायच्या. “शेवंते, पोर काय मडमेची हाय?” आई ठणकावून सांगायची, “होय, मडमेचीच हाय. शाळेत जाते ती.”

मग त्या दिवशी मी तिथे कशी? तर एकटीने कुबडावर जायचं नाही हाही एक नियम. आईची जोडीदारीण जनाकाकी नातवाच्या बारशाला गेली होती. अमावास्येनंतरचे ते दोन-तीन दिवस कुबड सगळ्यात मोठं उघडं पडतं, ते दिवस आईला सोडवेनात. “तू नुसती उभी राहा,” ती म्हणाली. “माणूस सोबत असलं की झालं.” झुंजूमुंजू असताना निघालो. मी तिचा पदर धरून, चपला घालून, आंधळ्यासारखी तिच्या मागे गेले. कुबडाच्या गावाकडच्या टोकाला, वाट जिथे कुबडाला मिळते तिथे, तिने मला उभी केली आणि ती पुढे उंचावर गेली. येताना आकाश स्वच्छ होतं. सूर्य वर आला आणि खाडीवर धुकं उतरलं.

“आई, पाणी पोटरीला लागलं!”

खर्र खर्र थांबलं.

“काय म्हणालीस?”

“पोटरीला. आणि ते ओढतंय.”

“कुठून येतंय? समोरून का पाठीमागून?”

“पाठीमागून.”

कुबडावर पाणी समोरून येतच नाही. आधी मागच्या सखल वाटेत शिरतं आणि परतीची वाट तोडतं, मग सावकाश उंचवट्यावर चढतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आईला माहीत होतं.

“बाय,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान झाला होता. “आज तृतीयाच ना गो? रविवारी अमावस, सोमवारी प्रतिपदा, काल द्वितीया…”

“मला काय माहीत?”

“भिंतीवरचं कॅलेंडराचं पान तू काढलंस ना?”

“हो. विज्ञानाच्या वहीला कव्हर घातलं. महिना संपतच आला होता.”

आमच्याकडे घड्याळ बघून कोणी खाडीत जात नाही, तिथी बघून जातात. तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता पुरी होणार ते कळतं. द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. त्याच्या सहा तास आधी ओहोटी संपून पाणी पालटतं. आई रोज कॅलेंडर बघून निघायची. त्या दिवशी भिंतीवर नुसता खिळा होता, म्हणून तिने बोटांवर मोजलं. तिच्या हिशेबाने पाणी सव्वाआठला पालटायचं होतं. सव्वाआठ तर नुकते होत होते, आणि पाणी माझ्या पोटरीवर होतं.

“तिथून हलू नकोस, मी आले!” आई ओरडली. तिच्या पळण्याचा आवाज आला, आधी वाळूवर धपधप, मग पाण्यात चपाक चपाक. माझ्या दिशेनेच येत होती. मग एकदम लाकूड मोडल्याचा आवाज झाला आणि आई किंचाळली. अशी किंचाळी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

“आई! काय झालं?”

पाण्यात झटापट झाल्यासारखं वाजलं.

“काय नाय. ठेच लागली.”

“मी येऊ?”

“खबरदार! एक पाऊल इकडं टाकलंस तर तंगडं मोडून हातात देईन.” मग तिने मोठा श्वास घेतला. “बाय, नीट ऐक. तू पुढं हो. मी पाटी उचलते नि मागून येते.”

“मला वाट माहीत नाही.”

“मला हाय ना. मी सांगेन तशी चाल. चपला काढ.”

माझा विश्वास बसेना. ज्या बाईने बारा वर्षं मला या खाडीला तळवा लावू दिला नाही, तीच हे सांगत होती.

“काढ म्हणते ना! फेक त्या! वाट तळव्याला कळते, चपलेला नाय कळत!”

मी पट्टे सोडले. घाईत एक पट्टा तोडलाच. चपला पाण्यात सोडल्या, त्या लगेच कुठे वाहून गेल्या ते दिसलंही नाही. उघडे पाय खाली टेकले आणि मला शिसारी आली. सगळं हलत होतं तिथे.

“पायाखाली काय लागतंय?”

“वाळू.”

“जाड का बारीक?”

“जाड. टोचते.”

“शाब्बास. पाणी डाव्या पोटरीला ढकलतंय? ते डावीकडंच ठेव. चाल. वाळू संपली की सांग.”

मी चालायला लागले. पुढे काही दिसत नव्हतं, मागे काही दिसत नव्हतं, स्वतःचे गुडघेसुद्धा दिसत नव्हते. माझा धीर म्हणजे फक्त आईचा आवाज. पंधरा-वीस पावलांवर वाळू संपली आणि पायाखाली काहीतरी कुरकुरलं.

“आई, टरफलं! कापतायत!”

“कापूदेत. मेलेल्या शिंपल्यांचा चुरा हाय तो. चुऱ्यावरून खाली उतरायचं नाय. मऊ लागलं की तिथं मरण, ध्यानात ठेव. माझी आई सांगायची, टोचतं ते तारतं नि मऊ ते मारतं.”

आजीचं हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. पाणी गुडघ्यावर आलं होतं. मी चुऱ्यावरून भराभर निघाले, आणि भराभर निघाले तेच नडलं. उजवा पाय मऊ पडला. छान वाटलं क्षणभर, आणि मग तो गुडघ्याच्या वर आत गेला. ओढायला गेले तर दुसराही रुतला.

“आई! रुतले! आई गं!”

“ओढू नकोस! पाय ओढू नकोस! बस पाण्यात!”

“बुडेन!”

“नाय बुडत! पोटावर आडवी पड, पोहल्यासारखी, नि पाय हळू हळू मागनं सोडव. घाई करशील तर खोल जाशील. अबोलीनं घाई केली.”

मावशीचं नाव आई कधी घ्यायची नाही. ते ऐकून मी एवढी भ्याले की रडणंच थांबलं. आडवी झाले. तोंडात खारट पाणी गेलं, गाळ गेला. एक पाय सुटला, मग दुसरा. हातांनी चाचपत परत चुऱ्यावर आले, तळहात सोलवटून निघाले.

“सुटलीस?”

“हो.” मग मात्र भोकाड पसरलं मी. “मला नाही जमणार. तू ये ना. तू मागे आहेस ना?”

“हाय गो. तुझ्या मागंच हाय.”

आवाज लांबून आला. मला ते कळलं का? आता वाटतं, कळलं होतं. पण जे कळल्यावर पाय उचलणार नाहीत ते माणूस कळून घेत नाही.

“रडायचंय तर घरी जाऊन रड. आता पुढं पाण्यात गारवा लागेल. आपल्या वाडीतला पऱ्या तिथं खाडीला मिळतो. खाडीचं पाणी ऊन असतं, पऱ्याचं गार. गार लागलं की उजवीकडं वळ नि तो गारवा सोडू नकोस. खाली गोटे लागतील. गार नि गोटे, गार नि गोटे, तसंच बांधापर्यंत. कळलं?”

“कळलं.”

“सांग बघू परत.”

“गार नि गोटे.”

पाणी मांड्यांवर आलं होतं, फ्रॉक वर तरंगत होता. गारवा लागेना. मी उभी राहिले, पुढे गेले, मागे आले. पाणी कमरेला आलं आणि पाय उचलला की मला सरकवू लागलं. मग उजव्या पायाच्या करंगळीला थंडगार काहीतरी लागलं, अगदी बारीक, सुतळीएवढं. मी तिकडे पाय टाकला. गोटा! पुढे आणखी एक गोटा! इतका आनंद मला पुढे बी.एड.ला पहिली आले तेव्हाही झाला नाही.

“आई, गार लागलं! गोटे लागले!”

मी वळून पुन्हा हाक मारली.

“आई!”

“…जा… बाय… थांबू नकोस…”

मी थांबले नाही. गारवा डावीकडे गेला की डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. पाणी कमरेवरून मांडीवर आलं, मांडीवरून गुडघ्यावर. मग कांदळाची मुळं तळव्यांना खिळ्यांसारखी टोचायला लागली, आणि त्या टोचण्यावरून मी अक्षरशः रांगत बांधावर चढले.

“आई, पोचले! बांधावर पोचले!”

मग खूप लांबून, अगदी बारीक, पण स्पष्ट आवाज आला.

“पोचलीस?”

“हो! तू ये लवकर!”

“बरं झालं.”

एवढंच. मी वाट पाहत बसले. आता आई दिसेल, डोक्यावर पाटी, कमरेला खोचलेला पदर. पाण्याचा चपचप आवाज आला की उठायचे, तर तो लाटेचाच असायचा. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी चालत होते तेवढा वेळ तिचा आवाज लांब लांब जात होता. माझ्या मागे असती तर लांब कशी गेली असती? ती हललीच नव्हती. ठेच-बिच काही लागली नव्हती. आणि ‘बरं झालं’ म्हणजे माझं काम झालं, आता पाणी येऊ दे.

मी कशी धावले ते आठवत नाही. बांधाच्या टोकाला नथूकाकांचं खोपट होतं. ते दारात जाळं विणत होते.

“आई कुबडावर अडकलीय!”

त्यांच्या हातातली सुई पडली. “पाणी किती?”

“माझ्या कमरेला होतं. मघाशी.”

नथूकाकांनी होडी ढकलली, कोयता घेतला, पण खाडीकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. “पोरी, हात समोर धरला तर दिसत नाय. या धुक्यात कुबड शोधू कुठं? ती आवाज देतेय का?”

“नाही.”

“मग?”

“मी सांगते,” मी म्हटलं, आणि होडीतला बांबू उचलला.

नथूकाका वल्हवत होते आणि मी पुढे पालथी पडून बांबू तळाला टेकवत होते. आधी मुळं, बांबू अडकायचा. मग टक् टक्, गोटे. एक हात पाण्यात धरला होता, गार आहे का बघायला. गारवा संपला तसं मी म्हटलं, “डावीकडे.” बांबू मऊ गेला. “नाही नाही, मागे घ्या, मऊ आहे!” पुन्हा टेकवला. कुरकुर झाली. “चुरा! याच्यावरूनच चला.” बारा वर्षांची पोर हुकूम सोडत होती आणि साठीचा म्हातारा मुकाट्याने ऐकत होता. मी एकीकडे मनात घोकत होते, टोचतं ते तारतं, मऊ ते मारतं, आणि दुसरीकडे देवाला सांगत होते की माझी वही, पुस्तकं, शाळा, सगळं घे.

बांबूला वाळू लागली. “आलं कुबड,” मी म्हटलं. “आई!”

पहिली पाटी दिसली, रिकामी, तरंगणारी. मग आईचा चेहरा. नुसता चेहरा, आकाशाकडे केलेला, हनुवटी पाण्यात. लाट आली की तोंड मिटायची, गेली की उघडायची. वाळूत गाडलेल्या जुन्या होडीच्या फळ्यांत तिचा पाय कमरेपर्यंत गेला होता. त्या अवस्थेत तिने मला वाट सांगितली होती.

नथूकाका कोयता घेऊन पाण्याखाली गेले. मी होडीतून वाकून आईचं डोकं दोन्ही हातांनी वर धरलं. ती माझ्याकडे बघत होती. एकदा लाट तिच्या नाकावरून गेली आणि परत चेहरा वर येईपर्यंत मी मेले. नथूकाका तीनदा वर आले, चौथ्यांदा फळी तुटली. तिला होडीत घेतलं तेव्हा पाय भलतीकडेच वळला होता. तिचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. त्या वाजत्या दातांतून तिने पहिला प्रश्न विचारला.

“चपला कुठं टाकल्यास?”

“अगो शेवंते!” नथूकाका ओरडले. “मरणाच्या दारातून आणली तुला, नि चपला कसल्या विचारतेस?”

“नव्या होत्या,” आई म्हणाली आणि बेशुद्ध पडली.

त्या संध्याकाळी मी विज्ञानाच्या वहीचं कव्हर सोडवलं. मंगळवारच्या चौकोनात द्वितीया होती आणि बुधवारच्या चौकोनातही द्वितीयाच. त्या पंधरवड्यात ती तिथी दोन दिवस होती. आईच्या बोटांना ते कळणं शक्य नव्हतं, भिंतीवरच्या पानाला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी इस्पितळात आईच्या प्लॅस्टरमधल्या पायाशी बसून मी ते सांगितलं. वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“पान तू फाडलंस,” ती म्हणाली, “पण तुला वाट ठाऊक नव्हती ती माझ्यामुळं. ती चूक मोठी.” मग भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या दिवसानंतर या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही. तिचा पाय आखूड झाला, कुबड सुटलं.

माझीही खाडी सुटली. मी चिपळूणला शाळेत भूगोल शिकवते. भरती-ओहोटीचा धडा आला की फळ्याकडे तोंड करून शिकवते, कारण तळव्यांना घाम येतो. माझी सानिका दहा वर्षांची आहे. तिला मी पोहायला घातलेलं नाही. सहलीला समुद्र असेल तर तिला ताप असतो. माहेरी आलो की तिने बांधावर बूट घालूनच जायचं, लेस दोनदा बांधून, हा माझा नियम. लोक हसतात, हसू देत.

गेल्या दिवाळीत आम्ही तिघी बांधावर गेलो. ओहोटी होती. सानिका म्हणाली, “आई, मी खाली उतरू?”

“नाही.”

“नुसती कडेला?”

“नाही म्हटलं ना.”

आईने माझ्याकडे पाहिलं, मग सानिकाच्या बुटांकडे. मग काठी बाजूला ठेवून ती कण्हत बांधावर बसली, नातीचा पाय मांडीवर ओढला आणि लेस सोडायला लागली.

“आई, नको,” मी म्हटलं. “तुला माहीत आहे मला किती भीती वाटते ते.”

“मला पण वाटायची,” ती मान वर न करता म्हणाली. “म्हणून मी काय केलं होतं, ते इसरलीस?”

दुसरा बूट निघाला. एका हाताला नात, एका हातात काठी, अशी ती लंगडत कांदळात उतरली. पाणी घोट्यालाही नव्हतं, तरी मी बांधाच्या अगदी कडेला उभी होते, मुठी आवळून.

“डोळे मीट,” आई सानिकाला म्हणाली. “आता सांग, पायाखाली काय लागतंय?”

सानिकाने तोंड उघडायच्या आत मी वरून ओरडले, “मुळं! जपून, टोचतात! ती सोडू नकोस!”

आई मागे वळली. “तुला नाय विचारलं. सांगायचं असेल तर खाली ये.”

मी चपला काढल्या.